पहिले साडेतीनशे किलोमीटर

खान्देशातल्या ज्या घरातलं पोरगं अमेरिकेत आहे, त्या घराला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘कितलं दूर शे?’ आणि त्यापाठोपाठ ‘जावाले कितला येळ लागस?’ पहिल्याचं उत्तर एका आकड्यात देता येतं, दुसऱ्याचं येत नाही. फोनमध्ये दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ एकाच ओळीत समोर येतात, त्यामुळे दोन्ही आकडे सारखेच पक्के वाटतात. अंतराचा आकडा खरोखरच पक्का असतो. वेळेचा आकडा मात्र एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचा, तोही फक्त हवेतला. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या माणसाचा प्रवास त्या आकड्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो.

उदाहरणाला जळगाव आणि सॅन फ्रान्सिस्को घेऊ. संगणकाच्या नोकरीसाठी गेलेली आपल्याकडची पुष्कळ मुलं त्या शहराच्या आसपास राहतात. शिवाय पृथ्वीच्या गोलावर ही जोडी अशी बसली आहे की अंतराविषयीचे आपले बरेच समज तिच्यामुळे तपासले जातात.

आधी अंतर. ते काढायला दहावी-बारावीचं त्रिकोणमिती येणारं कॅल्क्युलेटर पुरतं. जळगाव साधारण २१.० अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.५६ अंश पूर्व रेखांशावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. एक गाव पूर्व रेखांशावर आणि दुसरं पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज करायची : १९७.९४. ही बेरीज १८० च्या वर गेली, म्हणजे उलट बाजूने जाणं जवळचं. ३६० मधून वजा केल्यावर १६२.०६ उरतात. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार : ०.३५८४ × ०.६१०४ = ०.२१८८. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला १६२.०६ च्या कोसाइनने गुणायचं : ०.९३३६ × ०.७९२१ × (−०.९५१४) = −०.७०३५. दोन्हींची बेरीज −०.४८४७. याचा उलट कोसाइन घेतला की ११९ अंश येतात. पृथ्वीच्या गोलावरचा एक अंश १११.२ किलोमीटरचा, म्हणून अंतर १३,२३० किलोमीटर. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे की रेडियनवर, हे सुरू करण्याआधीच बघावं. उत्तर बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे (विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६,३५७), त्यामुळे या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. घरातल्या हिशेबाला तेवढा चालतो.

ज्यांना आकडेमोड नको त्यांनी शाळेतला पृथ्वीचा गोल घ्यावा. ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याच्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे ४२५ किलोमीटर. एक दोरा जळगावपाशी बोटाने दाबायचा, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोला न्यायचं आणि ताणायचा. दोरा ताणला गेला की तो आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर सरकतो आणि त्याची लांबी ३१ सेंटिमीटर भरते. लांबीपेक्षा त्याची दिशा बघण्यासारखी असते.

भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे असते. म्हणून अमेरिकेला जायचं म्हणजे मुंबई, अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक असं पश्चिमेकडे जायचं, हे चित्र डोक्यात घट्ट बसलेलं असतं. न्यूयॉर्कच्या बाबतीतही ते अर्धंच खरं आहे, कॅलिफोर्नियाच्या बाबतीत तर अजिबात नाही. दोरा जळगावहून निघतो तो जवळजवळ सरळ उत्तरेला, पूर्वेकडे फक्त १६ अंश कलून. म्हणजे सातपुड्याच्या दिशेने. चोपडा-यावलच्या बाजूला डोंगराची रांग दिसते, तिच्या पलीकडे कुठेतरी लेक राहते असं जळगावच्या आईने म्हटलं तर भूगोलाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. पुढे ही रेषा इंदूरच्या थोडी पूर्वेकडून जाते, हिमालय ओलांडते, मध्य आशियातून सायबेरियात शिरते, ७५ अंश उत्तरेला पूर्व सायबेरियाच्या गोठलेल्या समुद्रावर तिचं सगळ्यात वरचं टोक येतं, तिथून अलास्कात उतरते आणि कॅनडाच्या किनाऱ्याने खाली कॅलिफोर्नियाला पोहोचते.

या वाटेवर दिल्ली जवळजवळ तंतोतंत पडते. जळगाव ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ८५५ किलोमीटर, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०. बेरीज सरळ अंतरापेक्षा फक्त चार-पाच किलोमीटरने जास्त. मुंबईचं उलट आहे. मुंबई जळगावहून साडेतीनशे किलोमीटर नैर्ऋत्येला, म्हणजे चुकीच्या दिशेला. तिथे पोहोचल्यावर सॅन फ्रान्सिस्को १३,५१० किलोमीटरवर असतं. सात तास प्रवास करून आपण मुक्कामापासून २८० किलोमीटर आणखी दूर गेलेलो असतो.

तरी खान्देश मुंबईलाच जातो, आणि त्यात काही चूक नाही. भुसावळ-मुंबई मार्गावर गाड्या भरपूर. कल्याण, डोंबिवली, ठाण्यात कुणाचं तरी घर असतं, भाषा आपली असते, पोहोचवायला येणाऱ्यांना त्याच दिवशी परतता येतं. पण दिल्लीचा पर्याय घरात बोललासुद्धा जात नाही, हे मला पटत नाही. मुंबई-दिल्ली राजधानी जळगावला थांबते आणि रात्रभरात दिल्लीला नेते. एकट्याने जाणाऱ्या, सामान स्वतः उचलू शकणाऱ्या तरुण मुलाने दोन्ही हिशेब मांडून बघावेत.

आता आडवाटेने किती वाढतं ते पाहू. जळगावहून मुंबईमार्गे थेट विमान मिळालं असं धरलं तर एकूण अंतर साधारण १३,८६० किलोमीटर, म्हणजे सरळ अंतरापेक्षा ६३० जास्त. मुंबई-दुबई-सॅन फ्रान्सिस्को असं गेलं तर १५,३२०. फ्रँकफर्टमार्गे १६,००० च्या थोडं वर, लंडनमार्गे आणखी जरा जास्त, सिंगापूरमार्गे तर जवळजवळ १७,९००. हे आकडे बघून दुबईची वाट फार लांबची वाटते. पण सरळ अंतरापेक्षा जास्तीचे २,०९० किलोमीटर विमान ताशी ९०० च्या वेगाने दोन तास वीस मिनिटांत कापतं. चुकीचा थांबा निवडला किंवा मनमाडला गाडी अडकली तर यापेक्षा जास्त वेळ जातो. किलोमीटर बघून मार्ग निवडणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

विमानं ताणलेल्या दोऱ्यावरून उडत नाहीत, त्यालाही ठोस कारणं आहेत. पहिलं तिबेटचं पठार. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर उंचीवर, झपाट्याने खाली आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून खाली पडणाऱ्या मास्कमधला प्राणवायू साधारण पंधरा-वीस मिनिटंच पुरतो. खाली जमीनच साडेचार किलोमीटर उंचीवर असेल तर उतरणार कुठे? म्हणून तो भाग बहुतेक विमानं टाळतात किंवा अगदी ठरलेल्या पट्ट्यांतूनच ओलांडतात. दुसरं, ध्रुवाकडची थंडी. विमानाचं इंधन जेट ए-१ उणे ४७ अंशाला गोठू लागतं आणि बाहेरचं तापमान त्याच्याही खाली जाऊ शकतं, तेव्हा टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर नजर ठेवून उंची किंवा वेग बदलावा लागतो. तिसरं, दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ सतत आवाक्यात लागतो. ६ जून २०२३ रोजी एअर इंडियाचं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं बोइंग ७७७ इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरलं होतं. २१६ प्रवासी होते. मगदान हे नाव त्या दिवशी आपल्याकडच्या कित्येक घरांनी पहिल्यांदा ऐकलं, पण मार्ग आखताना ते विमानतळाच्या यादीत आधीपासून असतंच.

चौथं कारण माणसांनी केलेलं. २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना खुलं आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. त्याचा फटका दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांना जास्त बसला. काही विमानांना अमेरिकेला जाताना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला फक्त इंधनासाठी उतरावं लागलं. मुंबईहून निघणाऱ्या विमानाला अरबी समुद्रावरून ओमानकडे जाता येतं, म्हणून त्याचा वळसा कमी. भूमितीने दिल्लीला दिलेला फायदा राजकारणाने असा काढून घेतला. एखाद्या वर्षी ऐकलेला प्रवासाचा वेळ दुसऱ्या वर्षी दोन-तीन तासांनी बदलतो, त्यामागे बहुधा हेच असतं.

आता वेग आणि वारा. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. लांब पल्ल्याची विमानं याच्या ८५ टक्के वेगाने, म्हणजे ताशी ९०० ने उडतात. हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत. हवा स्वतःच वाहत असते. उत्तर गोलार्धात ३० ते ६० अक्षांशांच्या दरम्यान उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो ताशी दोनशेच्या वरही जातो. समजा १२,००० किलोमीटरचं अंतर आहे आणि वारा सरासरी १००. वाऱ्याविरुद्ध विमान जमिनीच्या तुलनेत ८०० ने जाईल, १५ तास लागतील. वाऱ्यासोबत १,००० ने जाईल, १२ तास. जाण्या-येण्यात तीन तासांचा फरक. वारा नसता तर दोन्ही वेळा १३ तास २० मिनिटं लागली असती, म्हणजे जाऊन-येऊन २६ तास ४० मिनिटं. वाऱ्यात २७ तास लागले. एका बाजूने गमावलेलं दुसऱ्या बाजूने पूर्ण भरून निघत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पूर्वेकडे जाताना कमी वेळ लागतो तो पृथ्वी फिरते म्हणून, असं शिकलेली माणसंही सांगतात. तसं असतं तर विमानाची गरजच नव्हती. जळगावच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५६० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते. हेलिकॉप्टर जळगाववर नुसतं अकरा मिनिटं तरंगत ठेवलं असतं तर खाली सुरत आलं असतं. तसं होत नाही, कारण पृथ्वीसोबत तिच्यावरची हवाही फिरते. फरक पडतो तो फक्त वाऱ्यामुळे.

या वाऱ्याचा उत्तम उपयोग एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये करून दाखवला. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ते पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं, तर अंतर १५,३०० झालं आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. चौदाशे किलोमीटर जास्त आणि दोन तास कमी. अंतरावरून वेळ काढणाऱ्या सगळ्या सूत्रांना हे एक उदाहरण पुरेसं आहे.

तिकिटावरच्या वेळा वाचताना मात्र वारा बाजूला ठेवावा लागतो आणि घड्याळ हातात घ्यावं लागतं. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे. जळगाव त्याच्या सात अंश पश्चिमेला आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला घड्याळात सरासरी १२ वाजून २८ मिनिटं होतात. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. उन्हाळी घड्याळ तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी लागतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी निघतं. समजा दुपारी २ ला निघालेलं विमान त्याच तारखेला संध्याकाळी साडेपाचला पोहोचतं असं तिकिटावर लिहिलंय. दिसायला साडेतीन तास, त्यात साडेबारा मिळवायचे : प्रवास १६ तासांचा. परतताना उलटं. शुक्रवारी रात्री ९ ला तिथून निघालेलं विमान १६ तासांनी पोहोचतं, तेव्हा इथे रविवारची पहाट उजाडायची असते, मध्यरात्रीनंतरचा दीड. शनिवार असा दिवसच हातात येत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक याच मध्यरात्रीत होते. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं रात्री १ ते ४ च्या दरम्यान सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ०२:३०’ असं असतं. घरात सगळे ‘पंधराला जायचंय’ म्हणत राहतात आणि रेल्वेचं आरक्षण पंधराच्या सकाळचं होतं. प्रत्यक्षात चौदाच्या रात्री ११ ला विमानतळाच्या दारात असायला हवं आणि त्यासाठी चौदाच्या सकाळी जळगाव सोडायला हवं. तिकीट हातात आलं की कागदावर सगळ्यात आधी ‘घर सोडायची तारीख आणि वेळ’ लिहावी. उड्डाणाची वेळ त्याखाली.

आता पूर्ण प्रवास घरापासून घरापर्यंत मांडू. घरून स्टेशन आणि गाडीची वाट : १ तास. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर : ७ तास. स्टेशनवरून विमानतळ : दीड तास. राखून ठेवलेला वेळ धरून विमानतळावर : ५ तास. मुंबई-दुबई : सव्वातीन. दुबईत थांबा : ४. दुबई-सॅन फ्रान्सिस्को : १६. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स : दीड. गाडीने घर : पाऊण तास. बेरीज चाळीस तास. त्यातले हवेतले जेमतेम सव्वाएकोणीस. घरातून निघाल्यापासून मुंबईत विमानाची चाकं जमीन सोडेपर्यंत साडेचौदा तास गेलेले असतात, आणि तोवर हवाई अंतराने आपण फक्त साडेतीनशे किलोमीटर हललेलो असतो. एकूण वाटेच्या सव्वादोन टक्के अंतर, एकूण वेळेच्या छत्तीस टक्के.

खान्देशातून परदेशी जाणाऱ्याचं खरं अंतर हे आहे, असं मला वाटतं. अटलांटिक की पॅसिफिक यावर आपण काही करू शकत नाही. या पहिल्या टप्प्यावर करू शकतो, म्हणून तो नीट बघायला हवा.

रेल्वे हा अजूनही सगळ्यात भरवशाचा मार्ग. गाडी निवडताना ती कुठे संपते ते बघावं. सीएसएमटीला जाणाऱ्या गाडीला दादर मिळतं, तर बऱ्याच गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसला, म्हणजे कुर्ल्याला, संपतात. विमानतळाला ते जवळ पडतं. मेट्रो ३ वर टर्मिनल २ चं स्थानक आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती सीएसएमटीहून थेट तिथे जाते. पण ती रात्रभर चालत नाही, आणि प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन साठीतल्या माणसांनी ते धाडस करू नये. उशीर होतो तो बहुधा मनमाडच्या पुढे. इगतपुरी ते कसारा हा थळ घाट ३७ ला १ इतक्या उताराचा आहे. उतरण्याआधी ब्रेक तपासायला थांबा असतो आणि घाटात वेग मर्यादित ठेवावा लागतो. पावसाळ्यात दरड आली किंवा कल्याणच्या पुढे रुळांवर पाणी साचलं की मागच्या सगळ्या गाड्या रांगेत उभ्या राहतात. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये गाडी पोहोचण्याची वेळ आणि विमानतळावर हजर होण्याची वेळ यांत सहा तास तरी ठेवावेत, एरवी तीन-चार. मध्यरात्रीनंतरच्या विमानाला सकाळची गाडी चांगली. सकाळच्या विमानाला आदल्या रात्रीची गाडी घेऊ नये, आदल्या दिवशीच मुंबई गाठावी.

स्वतःची गाडी केली तर जळगाव-धुळे-नाशिक-मुंबई. ‘सात तासांत सोडतो’ म्हणणारा ड्रायव्हर खोटं बोलत नसतो. तो नाशिकपर्यंतचा वेग मोजत असतो. अडकायला होतं ते भिवंडी बायपास ते ठाण्याच्या माजिवड्यापर्यंत, आणि नेमकं संध्याकाळी, जेव्हा रात्रीच्या विमानाची माणसं तिथे पोहोचतात. धुळेकरांना हाच रस्ता, नव्वद-एक किलोमीटर कमी. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, पण तो खान्देशाला बाहेरून वळसा घालतो. चाळीसगावकरांनी कन्नड घाट चढून तो गाठण्याचा विचार करावा, जळगावकरांना त्यात फार हशील नाही. नंदुरबार, नवापूरची माणसं सुरतेकडे बघतात आणि ते योग्यच आहे. दीडशेच्या आसपास किलोमीटरवर विमानतळ आहे आणि आखातात जाणारी विमानंही तिथून मिळतात. शिरपूरच्या माणसाने इंदूरचीही चौकशी करावी.

आणि जळगावचं स्वतःचं विमानतळ. २०१२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, उडान योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, मध्ये बंद पडलं, २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं. इथे एटीआर जातीचं पंख्यांचं विमान येतं, ताशी पाचशेच्या वेगाचं. घरून विमानतळ अर्धा तास, आधी हजर राहायला दीड, हवेत सव्वा, मुंबईत सामान घेऊन टर्मिनल बदलायला दीड. पावणेपाच तास. घर ते मुंबई विमानतळ रेल्वेने साडेनऊ तास लागत होते, त्या जागी पावणेपाच, म्हणजे निम्म्याने बचत. दुबईऐवजी अगदी सरळ रेषेने उडता आलं असतं तर दोन तास वीस मिनिटं वाचली असती. त्याच्या दुप्पट वेळ जळगावचं एक छोटं विमान वाचवतं.

पण अडचणी मोठ्या आहेत. विमान रोज नसेल तर तारीख जुळत नाही. देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो सामान मिळतं आणि अमेरिकेच्या तिकिटावर ४६, मधल्या फरकाचे पैसे वेगळे. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ही दोन तिकिटं वेगवेगळी असतात. जळगावचं विमान रद्द झालं आणि मुंबईचं सुटलं, तर पुढच्या कंपनीवर कसलीही जबाबदारी येत नाही, चुकलेलं तिकीट आपलं. म्हणून माणसं एक दिवस आधीचं विमान घेतात, आणि वाचलेले पावणेपाच तास मुंबईतल्या मुक्कामात जातात. जळगावहून ठरल्या वेळी रोज सुटणारं विमान आणि त्याचं पुढच्या प्रवासाशी जोडलेलं एकच तिकीट, एवढ्या दोन गोष्टी झाल्या तर खान्देशासाठी अमेरिका जितकी जवळ येईल तितकी कुठल्याही नव्या वेगवान विमानाने येणार नाही. लोकप्रतिनिधींकडे मागायचं असेल तर नेमकं हे मागावं.

एकच तिकीट ही अट मुंबईच्या पुढेही लागू आहे. एका पीएनआरवर सगळे टप्पे असले तर बॅगा शेवटपर्यंत जातात आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरतो तिथेच इमिग्रेशन होतं आणि तिथेच सगळ्या बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून न्यूयॉर्क किंवा शिकागोला उतरून पुढे सॅन फ्रान्सिस्कोला जाणार असाल तर थांबा तीन तासांपेक्षा कमी नको. अबुधाबीहून जाताना अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. पुढे सोय होते, पण त्यासाठी अबुधाबीत वेळ जास्त हवा. बॅगेत काळ्या मसाल्यासाठी सुकं खोबरं घालू नका. आपोआप पेट घेऊ शकणारा माल अशी त्याची नोंद आहे आणि त्यावरून बॅग उघडायला लावतात. बिबडे, कुरडया बिनधास्त न्या, फक्त कस्टम्सला खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगा.

इंग्रजी न येणाऱ्या आई-वडिलांसाठी व्हीलचेअर मागावी, पाय धड असले तरी. ती किमान ४८ तास आधी तिकिटावर नोंदवावी. खुर्ची ढकलणारा माणूस एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत नेतो, रांगा टळतात, आणि दुबईसारख्या अवाढव्य विमानतळावर चार तासांचा थांबा खरोखर थांबा राहतो.

शरीराला मात्र बारा तासांचा फरक कळायला वेळ लागतो. एका तासाच्या फरकाला साधारण एक दिवस असा ढोबळ अंदाज आहे, म्हणून पहिल्या दीड आठवड्यात कुणाला भेटायला जाण्याचे बेत ठेवू नयेत.

परतीचा शेवटचा टप्पा, मुंबई ते जळगाव, बहुतेक घरं विसरतात. विमानाचं तिकीट सहा महिने आधी निघालेलं असतं, पण रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या फक्त ६० दिवस आधी उघडतं, आणि आई-वडील तेव्हा तिकडे असतात. ते सकाळी आठला उघडतं, म्हणजे कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी साडेसात आणि हिवाळ्यात साडेसहा. कामावरून परतलेल्या मुलाने तेव्हाच बसून ते काढावं. विमान रविवारी मध्यरात्रीनंतर दीडला उतरत असेल तर गाडी रविवारी सकाळी आठनंतरची घ्यावी आणि खालचे दोन बर्थ मागावेत.